शनीची उलटी फिरणारी फीबी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चवथ झाली, पाऊस ओसरला की आमच्या फोंडा भागात शनी बघायचा सीझन सुरू होतो. लोकांना कडी बघायची असतात आणि ते बरोबरच आहे, पण शनीच्या पसाऱ्यात मला सगळ्यात जास्त आवडते ती दुर्बिणीतून कधीच न दिसणारी फीबी. तिच्याबद्दल बोलायला लागलं की प्रश्न ठरलेलेच येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथं टाकून ठेवतोय.

फीबी म्हणजे नक्की काय?

शनीचा एक छोटा चंद्र. व्यास साधारण २१३ किलोमीटर, म्हणजे पेडण्यापासून काणकोणापर्यंत अख्खा गोवा लांबीला धरला तर त्याच्या जेमतेम दुप्पट. दिसायला काळी, खड्ड्याखड्ड्यांची, लांबून गोल वाटणारी पण नीट गोल नाही. शनीपासून सरासरी १ कोटी ३० लाख किलोमीटरवर फिरते, आता आपला चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे म्हटल्यावर बघा केवढं लांब ते. एक फेरी मारायला तिला ५५० दिवस लागतात. आणि मुख्य गंमत म्हणजे शनीचे टायटन, रिया वगैरे मोठे चंद्र ज्या दिशेनं फिरतात त्याच्या बरोब्बर उलट दिशेनं ही फिरते.

"अनियमित चंद्र" म्हणजे वाकडातिकडा चंद्र का?

नाही हो. अनियमित हे तिच्या कक्षेबद्दल म्हणतात, आकाराबद्दल नाही. नियमित चंद्र ग्रहाच्या जवळ असतात, ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत, जवळजवळ गोल कक्षेत, आणि ग्रह स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेनं फिरतात, कारण ग्रह बनत असताना त्याच्याभोवती जी वायू-धुळीची तबकडी होती त्यातूनच ते तयार झाले. अनियमित म्हणजे यातलं काहीच धड न पाळणारे, लांब, तिरके, लंबगोल कक्षेत आणि बरेचसे उलटे. फीबीचंच बघा, कधी शनीपासून १ कोटी ९ लाख किलोमीटरवर असते तर कधी दीड कोटीवर.

म्हणजे ही भायली?

हा प्रश्न गोव्यात हमखास येतो आणि हसत हसत येतो. तर हो, शंभर टक्के भायली. शनीच्या घरात जन्मलेली नाही, बाहेरून आली आणि इथंच राहिली. माझ्या मते फीबीबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे, कारण उलटं फिरणं, वेगळी घनता, लांबची कक्षा आणि पुढं शनीच्याच आयापेटस नावाच्या चंद्राचं काळं तोंड हे सगळं त्या एका गोष्टीतूनच निघतं.

पण जाता जाता एखादा ग्रह असा कोणाला पकडतो कसा?

सहजासहजी पकडत नाही, हेच लोकांना पटत नाही. लोकांना वाटतं गुरुत्वाकर्षण आहे म्हणजे जवळून जाणारं सगळं ओढलं जाऊन अडकणारच. तसं होत नाही, कारण एखादा दगड शनीकडे येताना शनीच्या ओढीनं त्याचा वेग जेवढा वाढतो तेवढाच तो लांब जाताना कमी होतो, हिशेब शून्य, त्यामुळे दगड दिशा बदलून निघून जातो. अडकायचं असेल तर वाटेत त्याची थोडी तरी गती कशाततरी खर्च व्हायला पाहिजे.

आता ती खर्च कशी झाली यावर शास्त्रज्ञांची दोन-तीन मतं आहेत. एक, शनी नवीन असताना त्याच्याभोवती वायूचं दाट आवरण होतं, त्यातून जाताना घासून वेग कमी झाला. दोन, शनीचं वस्तुमान तेव्हा झपाट्यानं वाढत होतं, त्यामुळे आत आलेल्याला बाहेर पडायला लागणारा वेग पुरेनासा झाला. तिसरं मत मला जास्त पटतं, ते असं की सुरुवातीच्या काळात गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे महाग्रह आजच्या जागी नव्हते, सरकत होते आणि एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळून जात होते, त्या धामधुमीत आजूबाजूला भटकणारे बर्फाळ दगड तिसऱ्याच्या ओढाताणीमुळे एखाद्या ग्रहाच्या ताब्यात राहून गेले. चारही महाग्रहांकडे असे अनियमित चंद्र आहेत, हे त्या मताला धरून आहे.

आज मात्र अशा मार्गानं नवा चंद्र कायमचा मिळणं जवळजवळ अशक्य, कारण ना तो वायू उरला ना ती धामधूम.

बाहेरून आली याला पुरावा काय? उलटं फिरते एवढंच?

उलटं फिरणं हा मोठा पुरावा आहेच. शनीच्या तबकडीतून बनलेला चंद्र उलटा फिरूच शकत नाही, तबकडी एकाच दिशेनं फिरत होती. पण तेवढंच नाही. शनीकडे निघालेलं कॅसिनी यान जवळून गेलं तेव्हा फीबीच्या ओढीनं यानाच्या वेगात किती फरक पडला ते मोजलं, त्यावरून वस्तुमान निघालं आणि वस्तुमानावरून घनता, ती आली घन सेंटिमीटरला साधारण १.६ ग्रॅम. टायटन सोडला तर शनीच्या आतल्या बर्फाळ चंद्रांची सरासरी साधारण १.३ च्या आसपास बसते. म्हणजे फीबीत बर्फाच्या मानानं खडक जास्त, आणि आतल्या पोकळ्या लक्षात घेतल्या तर तिची कुंडली प्लूटो, नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन अशा लांबच्या लोकांशी जास्त जुळते. पृष्ठभागावर पाण्याच्या बर्फाबरोबर गोठलेला कार्बन डायऑक्साइड आणि कार्बनी पदार्थही सापडले. त्यामुळे ती नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यातल्या मंडळींची नातेवाईक असावी असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे.

अजून एक, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. एवढ्या छोट्या वस्तू सहसा बटाट्यासारख्या असतात, फीबी मात्र त्या मानानं बरीच गोल आहे. यावरून असं म्हणतात की अगदी लहानपणी ती आतून गरम आणि मऊ होती, किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णतेनं, तेव्हा गोल झाली, मग थिजली आणि नंतरच्या टकरांनी आज दिसते तशी ठोकली गेली. म्हणजे शनीकडे यायच्या आधीचं तिचं स्वतःचं एक आयुष्य होतं.

शोध कोणी लावला?

विल्यम हेन्री पिकरिंग, १८९९. पण शोध लागला तो दुर्बिणीला डोळा लावून नाही. हार्वर्डचं एक केंद्र पेरू देशात आरेकिपा गावाजवळ होतं, तिथं ऑगस्ट १८९८ मध्ये काचेच्या प्लेटांवर शनीच्या आसपासच्या आकाशाचे फोटो घेतले होते. त्या प्लेटा एकमेकींशी ताडून बघताना एक ठिपका दर फोटोत थोडा सरकलेला दिसला, बाकीचे तारे जागच्या जागी. तो ठिपका म्हणजे फीबी. फोटोवरून सापडलेला हा पहिलाच चंद्र, त्याआधीचे सगळे डोळ्यांनी बघूनच शोधलेले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. १९०५ मध्ये याच पिकरिंगनं शनीचा अजून एक चंद्र सापडल्याचं जाहीर केलं, त्याला थेमिस नावही दिलं, फ्रान्सच्या अकादमीनं दोन्ही शोधांसाठी त्याला बक्षीसही दिलं, आणि तो दुसरा चंद्र नंतर कोणालाच दिसला नाही. नाहीच आहे तो.

आणि फीबीनंतर शनीचा पुढचा अनियमित चंद्र सापडायला थेट २००० साल उजाडलं. शंभर वर्षं ही एकटीच.

कोणतं यान तिथं गेलंय का?

१९८१ मध्ये व्हॉयेजर २ नं २२ लाख किलोमीटरवरून फोटो काढले, त्यात फीबी म्हणजे जेमतेम ठिपक्यांचा एक पुंजका. खरी भेट ११ जून २००४ ला, कॅसिनी तिच्यापासून फक्त २,०६८ किलोमीटरवरून गेलं. शनीभोवतीच्या कक्षेत शिरायला अजून जवळजवळ तीन आठवडे होते. एकदा आत शिरल्यावर कॅसिनी परत एवढं लांब येणार नव्हतं, म्हणून शनीला पोचायची तारीखच अशी ठरवली की वाटेत फीबी सापडेल. एकच संधी होती आणि ती त्यांनी साधली, प्लॅनिंग म्हणतात ते हे. आज फीबीबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं निम्म्याहून जास्त त्या एका भेटीतलं.

फोटोत काय दिसतं?

खड्डे, खड्ड्यांत खड्डे. सगळ्यात मोठा जेसन नावाचा, साधारण १०० किलोमीटर रुंद, म्हणजे फीबीच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मा. ज्या टकरीनं तो झाला ती अजून थोडी जोरात असती तर फीबीचे तुकडेच झाले असते. वरचा थर डांबरासारखा काळा, पडलेल्या उजेडातला दहा टक्केसुद्धा परत फेकत नाही, पण खड्ड्यांच्या काठांवर जिथं दरड कोसळलीय तिथं पांढरे पट्टे दिसतात, तो खालचा बर्फ. काळेपणा वरवरचाच, आत सगळा बर्फ आणि खडक. तापमान उणे १६० ते उणे २०० अंश सेल्सियसच्या मधलं.

तिथं उभं राहिलो तर उडून जाऊ का?

उडून नाही जाणार. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण दोनशेव्या भागाएवढं आहे, ६० किलोच्या माणसाचं वजन तिथं काट्यावर ३०० ग्रॅम भरेल. पंधरा मीटर उंच माडावरून नारळ सुटला तर इथं पावणेदोन सेकंदात खाली, फीबीवर त्याला जवळजवळ २५ सेकंद लागतील, आणि खाली पोचेल तेव्हा त्याचा वेग माणूस चालतो तेवढाच असेल, पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, घाबरायचं कारण नाही. पण फीबीच्या तावडीतून कायमचं सुटायला ताशी साधारण ३६५ किलोमीटर वेग लागतो, म्हणजे जगातल्या सगळ्यात फास्ट बोलरनं चेंडू फेकला तरी तो बराच फिरून का होईना परत खालीच येणार.

तिथून शनी कसा दिसत असेल?

हा प्रश्न एका शाळकरी पोरीनं विचारला होता आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात भारी प्रश्न हाच. हिशेब करून बघा, शनीचा व्यास १ लाख २० हजार किलोमीटर आणि अंतर १ कोटी ३० लाख, म्हणजे शनीचा गोळा तिथून साधारण आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल आणि कडी धरली तर त्याच्या दुप्पटीहून जास्त रुंद. शनीच्या जवळच्या बहुतेक चंद्रांवरून कडी कायम आडवी, एका रेघेसारखी दिसतात, कारण ते चंद्र कड्यांच्याच पातळीत फिरतात. फीबीची कक्षा त्या पातळीला चांगली तिरकी आहे, त्यामुळे तिला कडी कधी उघडलेली, कधी मिटलेली अशी दोन्ही बघायला मिळतात. आपल्या चंद्रासारखी ती एकच बाजू ग्रहाकडे धरून बसत नाही, सव्वानऊ तासांत स्वतःभोवती फिरते, म्हणून तिथं शनी रोज उगवतो आणि मावळतो. अर्धा दिवस म्हणजे साडेचार तास, त्यात सूर्याचा उजेड आपल्यापेक्षा नव्वद पटीनं कमी.

फीबीचं वेगळं कडं आहे असं वाचलं, खरं का?

खरं आहे. २००९ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीतून अ‍ॅन व्हर्बिशर, मायकल स्क्रुट्स्की आणि डग्लस हॅमिल्टन यांनी शोधलं. फीबीवर सतत बारीकसारीक दगड आपटत असतात, त्यातून उडालेली धूळ तिच्या कमजोर गुरुत्वाकर्षणातून सुटते आणि शनीभोवती पसरते. कडं केवढं मोठं, तर आपल्या डोळ्यांना दिसलं असतं तर शनीच्या प्रत्येक बाजूला एकेका पौर्णिमेच्या चंद्राएवढं पसरलेलं दिसलं असतं. पण ते इतकं विरळ आहे की एका घन किलोमीटरमध्ये दहा-वीस कण, तुम्ही त्यात उभे असाल तरी कळणार नाही. म्हणून तर साध्या उजेडात सापडलं नाही, धुळीची उष्णता इन्फ्रारेडमध्ये दिसली तेव्हा सापडलं.

मग आयापेटसचा याच्याशी काय संबंध?

आयापेटस हा शनीचाच आणखी एक चंद्र, पण घरचा. १६७१ मध्ये जिओव्हान्नी डोमेनिको कॅसिनीनं शोधला आणि त्याला लगेच एक विचित्र गोष्ट जाणवली, चंद्र शनीच्या पश्चिमेला असला की दिसतो आणि पूर्वेला गेला की गायब. त्यानं बरोबर ओळखलं की याची एक बाजू उजळ आणि एक काळी असणार. पण काळी का, हे पुढं तीनशेहून जास्त वर्षं नीट सुटलं नाही.

आता फीबीचं कडं सापडल्यावर जुळतं ते असं. फीबीची धूळ फीबीसारखीच उलटी फिरते. सूर्यप्रकाशाच्या परिणामानं ते कण हळूहळू गती गमावत शनीकडे आत आत सरकतात. आत वाटेत आयापेटस, तो सुलट फिरतोय. दोघं समोरासमोर, त्यामुळे सगळी धूळ आयापेटसच्या पुढच्या तोंडावर बसते, आणि आयापेटस कायम तेच तोंड पुढं करून चालतो. वरून अजून एक भानगड. आयापेटसचा एक दिवस ७९ दिवसांचा, त्यामुळे धूळ बसलेला भाग उन्हात निवांत तापतो, काळा म्हणून जास्तच तापतो, तिथला बर्फ उडून जातो आणि थंड, उजळ बाजूवर आणि ध्रुवांकडे जाऊन परत गोठतो. काळं अजून काळं, पांढरं अजून पांढरं. सुरुवात धुळीनं केली, उरलेलं काम उन्हानं. या धुळीत इतर अनियमित चंद्रांचाही वाटा असणार, पण मोठा हात फीबीचा.

गोव्यातून फीबी दिसेल का?

डोळ्यांनी नाही. हौशी लोकांकडच्या नेहमीच्या दुर्बिणीतूनही नाही. तिची प्रत (तेजाचा आकडा, जेवढा मोठा तेवढी वस्तू फिकट) साडेसोळाच्या आसपास आहे, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण अगदी काळोख्या रात्री चौदापर्यंत ओढते. कॅमेरा लावून फोटो काढायचा असेल तर मात्र जमण्यासारखं आहे. ती शनीपासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब जाते, शनीच्या झगमगाटातून बाहेर येते, मग लागोपाठच्या रात्री त्याच जागेचे बरेच फोटो घेऊन एकावर एक चढवायचे आणि सरकणारा ठिपका शोधायचा, पिकरिंगनं केलं तेच.

जागा काळोखी पाहिजे. कळंगुट-कांदोळीचा पट्टा सोडाच, पणजीत मांडवीतल्या कॅसिनोंचा उजेड आहे, सत्तरी, सांगे, नेत्रावळीकडे गेलात तर बरं. शनी सूर्याच्या बरोब्बर समोर येतो तेव्हा सगळ्यात चांगला, २०२५ मध्ये तो दिवस २१ सप्टेंबरला होता, २०२६ मध्ये ४ ऑक्टोबर, दर वर्षी साधारण दोन आठवडे पुढं जातो. म्हणजे आता तो हळूहळू पावसातून सुटून दिवाळीकडे सरकतोय, आपल्यासाठी चांगलंच.

आणि एक कळकळीची सूचना, पावसाळ्यात दुर्बीण कपाटात कोंबून ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, कोटिंग खाते आणि मग कितीही पुसा. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या मध्येमध्ये गरम करून वाळवा.

मग बघायला काहीच नाही?

आहे की. आयापेटस बघा. स्टेलारियम या आकाशाच्या नकाशाच्या अ‍ॅपवर त्याची जागा काढा, शनीपासून तो कड्यांच्या रुंदीच्या बारा-तेरा पट लांबपर्यंत जातो. पश्चिमेला असताना प्रत दहाच्या आसपास, पूर्वेला जवळजवळ बारा, म्हणजे पाचपट फिकट. आठ इंची दुर्बिणीतून दोन्ही दिसतं, साडेचार इंचीतून पश्चिमेचा दिसेल आणि पूर्वेचा फोंड्याच्या उजेडात बहुधा नाही. साधारण चाळीस दिवसांच्या अंतरानं दोनदा बघायचं, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची. फीबी दिसली नाही तरी तिनं केलेली करणी अंगणात बसून दिसते.

फीबीचा साडेसातीवर परिणाम होतो का?

होत नाही. शनीचाच होत नाही तर तिचा कुठून. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो म्हणून एका राशीत अडीच वर्षं, तीन राशी म्हणजे साडेसात, एवढंच त्यातलं गणित. तेवढ्या वेळात फीबीच्या शनीभोवती पाच फेऱ्या होतात. मारुतीला तेल घालायचं असेल तर खुशाल घाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आपला चंद्रही असाच पकडलेला का?

नाही. पृथ्वीवर मंगळाएवढी एक वस्तू आदळली आणि त्या मलब्यातून चंद्र बनला हे आज सगळ्यात जास्त मान्य असलेलं मत. पकडलेला मोठा चंद्र बघायचा तर नेपच्यूनचा ट्रायटन.

उलटी फिरते म्हणजे एक दिवस शनीवर पडणार?

ट्रायटन हळूहळू आत चाललाय, पण तो नेपच्यूनच्या जवळ आहे. फीबी इतकी लांब आहे की भरती-ओहोटीच्या ओढीचा तिच्यावर म्हणण्यासारखा परिणाम नाही. उलट महाग्रहापासून एवढ्या लांब उलट्या कक्षाच जास्त टिकतात, सूर्याची ओढ सुलट फिरणाऱ्यांना लवकर बिघडवते.

शनीला एकूण चंद्र किती?

मार्च २०२५ मध्ये एका झटक्यात १२८ नवे जाहीर झाले आणि आकडा २७४ वर गेला. त्यातले बहुतेक सगळे अनियमित, काही किलोमीटरचे, बरेचसे मोठ्या चंद्रांच्या टकरीतून उडालेले तुकडे. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी जुनी पुस्तकं बघून आकडा पाठ करू नये. या सगळ्या अनियमित घोळक्यात फीबी सगळ्यात मोठी, बाकीचे तिच्यापुढं किस झाड की पत्ती.

परत कोणतं यान जाणार आहे का?

फीबीसाठी सध्या कोणतंच नाही. नासाचं ड्रॅगनफ्लाय २०२८ मध्ये निघायचं ठरलंय, पण ते टायटनवर उतरणार. कॅसिनीला २०१७ मध्ये शनीच्या वातावरणात सोडून संपवलं, त्यामुळे फीबीचे जवळचे फोटो २००४ चेच आहेत आणि तेच पुरवून पुरवून वापरले जातायत. त्यात सगळं करडं आणि काळंच आहे, तेव्हा ग्रुपवर "फीबीचा ताजा फोटो" म्हणून निळाजांभळा गोळा आला तर फॉरवर्ड करू नका.